त्याला आपली भाषा कळत नाही

माझ्या बायकोचं हसणं दोन प्रकारचं आहे. एक मराठीतलं आणि एक सिंधीतलं. मराठीतलं माझ्या वाट्याला आलंय. ते ओठांपुरतं, नीटनेटकं, पाहुण्यांसमोर शोभणारं. सिंधीतलं पोटातून येतं. त्यात ती मांडीवर थाप मारते, डोळे पुसते आणि समोरच्याला बहुतेक शिव्याही घालते. ते हसणं लाजोच्या वाट्याला आलंय. लाजो म्हणजे लाजवंती, तिची उल्हासनगरची बालमैत्रीण. रोज दुपारी लाजोचा फोन येतो आणि रोज दुपारी माझ्या पोटात दुखतं. जेवणाशी त्याचा काही संबंध नाही.

प्रगतीचा जन्म उल्हासनगरच्या कॅम्पातला, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीतला. माणसं अस्सल मराठी, मूळ गाव साताऱ्याकडे. पण बराकीत डावीकडे सिंधी, उजवीकडे सिंधी आणि समोर लाजोचं घर. आई कामाला जाताना हिला लाजोच्या आईच्या ओट्यावर सोडून जायची. त्यामुळे हिच्या तोंडातून पहिला शब्द मराठी निघाला की सिंधी, यावर माझ्या सासरी अजून एकमत नाही.

पुढे ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये लागली, तीही उल्हासनगरातच. तिथे येणाऱ्या सिंधी आज्या सुईला भारी घाबरायच्या. प्रगती दंडाला पट्टा बांधता बांधता त्यांच्याशी काय कुजबुजायची देव जाणे, सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली ते त्यांना कळायचंही नाही. 'परगती आली की मगच हात देणार' म्हणून त्या बाकावर बसून राहायच्या. एकदा मी तिला आणायला गेलो होतो. एका आजीने मला नखशिखांत न्याहाळून काहीतरी विचारलं, प्रगतीने उत्तर दिलं आणि अख्खी लॅब हसली. बाहेर पडल्यावर मी विचारलं, "काय म्हणालीस गं?"

"काही नाही हो. ते मराठीत नाही येत."

हे 'मराठीत नाही येत' मी लग्नापासून ऐकत आलोय.

तुम्ही म्हणाल, एवढं झोंबत होतं तर सिंधी शिकून घ्यायची. का म्हणून? मी बदलापूरचा, अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात क्वालिटीचा ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेला माणूस. लोक घरजावई होतात, तसा मी भाषाजावई व्हायचं? मी नाही शिकलो. घरात सिंधी सुरू झाली की टीव्हीचा आवाज वाढवायचा, हा माझा शिरस्ता. त्या बोलण्यातला एकच शब्द मला कळायचा, 'आहे'. सिंधीतसुद्धा 'आहे'ला 'आहे'च म्हणतात. म्हणजे काहीतरी आहे एवढं कळायचं, काय आहे ते कळायचं नाही. जळणाऱ्या माणसाला तेवढं पुरतं.

त्यात लाजोचा भाऊ धर्मेश. कॅम्पात त्याचं पडद्यांच्या कापडाचं दुकान. माझ्याच वयाचा, पण डोक्यावरचे केस सगळे जागच्या जागी. तो मला 'जीजाजी' म्हणतो, म्हणजे संशयाला जागा नाही, हे मला कळतं. पण तो आला की प्रगती दाराशी जाईपर्यंत लहान होत जाते. चार पावलांत शाळेतली पोरगी होते. मी तिच्या सगळ्या वयांत तिच्याबरोबर राहिलो, पण ते वय मला कधी बघायला मिळालं नाही. ते धर्मेशला मिळतं, तेही आठ-पंधरा दिवसांतून एकदा, फुकट.

तर अशा घरात कुत्रा आणायचं मी ठरवलं. कारण उघड होतं. ओवी, आमची मुलगी, लग्न होऊन पुण्याला गेली. मी रिटायर झालो. या घरात एक तरी जीव असा हवा, जो हाक मारली की आधी माझ्याकडे बघेल. एवढंच मागणं होतं. जास्त काही नाही.

अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे जिज्ञासा नावाची मुलगी सोडून दिलेली कुत्री सांभाळते. तिने सात महिन्यांचं एक पिल्लू दाखवलं. पिल्लू म्हणायचं ते वयामुळे, एरवी वासरूच. ग्रेट डेन आणि कशाची तरी भेसळ. राखाडी रंग, लांब पाय, आणि चेहरा असा की श्राद्धाला आलेला लांबचा नातेवाईक वाटावा.

"काका, हा एकदम शांत बच्चा आहे," जिज्ञासा म्हणाली. "चपला खात नाही, भुंकत नाही, अंगावर येत नाही. उल्हासनगरला एका आजींकडे होता. त्या वारल्या, मुलगा फॉरेनला. सोसायटीवाल्यांनी मला फोन केला. फक्त याच्याशी बोलत राहा हं. आजी दिवसभर बोलायच्या याच्याशी, त्याला आदत आहे. महिनाभर ठेवून बघा, जमलं तर कागद करू."

मी त्याचं नाव ठेवलं मेजर. हेंद्रेपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये तो आणि मी एका वेळी जेमतेम मावलो. प्रगतीने दार उघडलं, आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!" ती म्हणाली. पण पाणी ठेवलं, जुनी सतरंजी अंथरली, त्याच्याजवळ बसून काहीतरी पुटपुटली. संध्याकाळी मी त्याला बूट ओळखायला शिकवत होतो तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, त्याला आपली भाषा कळत नाही."

"कुत्र्याला कुठली भाषा कळते?" मी म्हणालो. "शिकवावी लागते."

आणि शिकवायला लागलो. आपण मराठी माणसं रिक्षावाल्याशी हिंदीत बोलतो आणि कुत्र्याशी इंग्रजीत. का, ते कुणी विचारत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून मी 'सिट', 'स्टे', 'कम' सुरू केलं. मेजर माझ्याकडे अतिशय आदराने बघायचा. मी 'सिट' म्हणालो की उभा राहायचा. 'कम' म्हणालो की बसायचा. आवाज चढवला की जांभई द्यायचा. कारखान्यात माझ्या एका आवाजावर अख्खी बॅच थांबायची. इथे सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

मग लक्षात आलं की तो फक्त माझंच ऐकत नाही. प्रगती स्वयंपाकघरात गेली की हा मागे. ती फोनवर बोलायला लागली की हा तिच्या पायावर हनुवटी टेकून, डोळे मिटून, कीर्तनाला बसल्यासारखा. मी बाजारातून खास त्याच्यासाठी बकऱ्याची नळी आणली. त्याने ती माझ्या हातातून अलगद घेतली, शेपटी हलवली, आणि ती तोंडात धरून प्रगतीच्या पायाशी जाऊन चघळत बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुत्रा मी आणला, त्याची घाण मी उचलतो, पहाटे उठून मी फिरवतो, आणि हनुवटी हिच्या पायावर!

"काय करतेस तू त्याला?" मी एकदा विचारलंच.

"काय करणार? बोलते."

"मीही बोलतो."

"तुम्ही ऑर्डर सोडता," ती म्हणाली आणि फोन वाजला म्हणून आत गेली.

एक गोष्ट मात्र मी टिपली. फोनवर ती मध्येच 'अच्छा, अच्छा' म्हणायची, तेव्हा मेजर उठून तिच्या अगदी जवळ जायचा. मी क्वालिटीचा माणूस, निरीक्षण हा माझा धंदा. दुसऱ्या दिवशी ती दळण आणायला गेलेली बघून मी हॉलमध्ये उभा राहिलो आणि खड्या आवाजात म्हणालो, "अच्छा!" मेजर अर्धवट उठला. माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा बसला. त्याच्या चेहऱ्यावर जी कीव होती ती मी जन्मात विसरणार नाही.

शेवटी मला वाटलं, हा बहिरा असणार. डॉक्टर अवधूत म्हणून अंबरनाथला जनावरांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी त्याच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे आपटला. मेजरचे कान उभे राहिले आणि माझेही.

"काका, कान ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येतं. मनावर घेत नाही."

घरी येऊन सांगितलं तर प्रगती म्हणाली, "कान तपासायचेच होते तर तुमचे तपासून यायचे."

त्याच रागात मी उन्मेषला फोन लावला. उन्मेष कारखान्यातला माझा जुना दोस्त. वांगणीला त्याचं छोटं फार्महाऊस आहे, शनिवार-रविवारी जातो, आणि राखणीला मोठा कुत्रा हवाय म्हणून वर्षभर सगळ्यांच्या मागे लागलाय. मी म्हणालो, "रविवारी ये आणि घेऊन जा." जिज्ञासालाही कळवलं. ती म्हणाली, "ठीक आहे काका, मी तिथे येऊन बघून जाईन." प्रगतीला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत.

"तुमचा कुत्रा आहे," एवढंच म्हणाली.

हे ऐकून मला गार वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कुत्रा माझा आहे हे या घरात कुणीतरी पहिल्यांदा मान्य केलं होतं आणि तो चालला होता.

शुक्रवारी लाजो आणि धर्मेश आले. लाजोने डबाभर कोकी आणली होती, कांदा घातलेली ती जाड सिंधी पोळी. मेजर बाल्कनीच्या दारात आडवा पडला होता. पुरुषांच्या वाटेला तो जात नसे, वॉचमन आला तरी मान वळवायचा. धर्मेश चप्पल काढून आत आला, त्याला बघितलं, गुडघ्यावर वाकला आणि हात पुढे करून म्हणाला, "अच पुट, हेडे अच!"

मेजर उठला. उठला काय, उसळला. एवढं मोठं धूड फरशीवर घसरत गेलं आणि धर्मेशच्या छातीवर दोन्ही पाय ठेवून त्याचं तोंड चाटायला लागलं. त्याच्या घशातून एक बारीक रडल्यासारखा आवाज निघत होता. आमच्या घरात त्याने काढलेला तो पहिला आवाज.

"वेह, वेह," धर्मेश हसत म्हणाला आणि मेजर बसला. असा बसला, जसा व्हिडिओतले कुत्रे बसतात. "अरे वा! डाढो सुठो आहे! जीजाजी, ये तो अपना सिंधी बच्चा निकला!"

लाजो हसायला लागली. प्रगती हसायला लागली. पोटातून, मांडीवर थाप मारून. माझ्या हॉलमध्ये, माझ्या सोफ्यावर, माझ्या कुत्र्याच्या दोन्ही बाजूंना बसून तिघं सिंधीत बोलत होते आणि चौथा ते समजत होता. न समजणारा घरात एकच होता आणि तो कप घेऊन उभा होता.

"तुला माहीत होतं?" मी प्रगतीला विचारलं.

"पहिल्या दिवशीच सांगितलं तुम्हाला. त्याला आपली भाषा कळत नाही म्हणून."

"मला वाटलं, तू माणसांची भाषा म्हणतेयस." काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती दिवसभर नुसती फोनवर बोलत नव्हती, कुत्र्याशीही सिंधीतच बोलत होती. आणि फोनवरचं ते 'अच्छा' नव्हतं. 'अच' होतं. 'ये'. लाजोला 'ये गं, ये' म्हणत होती, आणि कुत्र्याला वाटत होतं आपल्यालाच बोलावतेय.

"जीजाजी, एक ही तो वर्ड है," धर्मेश म्हणाला. "बोलो, अच. अभी आएगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मेजरसुद्धा. मी म्हणालो, "चहा गार होतोय." प्रगतीचं हसू हळूहळू नीटनेटकं झालं. मराठीतलं झालं.

त्या रात्री मी जळलो तसा कधी जळलो नव्हतो. उल्हासनगरचा कुठलाही माणूस, कोकी विकणारा, पडदे विकणारा, येऊन माझ्या कुत्र्याला बोलावू शकत होता. माझ्या बायकोलाही. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द आता मलाही आला होता, नको असताना. अंघोळ करताना तोंडात यायचा, भाजी घेताना यायचा. शनिवारी पहाटे फिरवताना मेजर रस्त्याच्या मधोमध बसला, मागे रिक्षा हॉर्न मारत होती, तेव्हा तर जिभेच्या टोकावर आला. मी तो गिळला आणि मेजरला ढकलत कडेला नेलं. का गिळला? कारण बोललो असतो तर तो आला असता. आणि मग मला कळलं असतं की इतकी वर्षं एवढंच करायचं होतं.

रविवारी उन्मेष गाडी घेऊन आला. मी मेजरला खाली नेलं. उन्मेषने मागचं दार उघडलं, सीटवर जुनी चादर टाकली होती.

"चल बेटा," उन्मेष म्हणाला. मेजर गेटजवळ बसला. उन्मेषने बिस्किट दाखवलं, शिट्टी मारली, मराठीत लाडीगोडी लावली, हिंदीत दरडावलं. पट्टा धरून ओढून बघितलं. मेजरने त्याला मुळीच विरोध केला नाही, फक्त उठला नाही. एवढं वजन काय असं ओढून हलतंय?

"अरे, काय माणूस आहेस!" उन्मेष घामाघूम होऊन म्हणाला. "तुझा कुत्रा ना? गाडीत जाऊन बस आणि तिथून बोलाव त्याला. येईल."

मी गाडीत जाऊन बसलो. चादरीला पेट्रोलचा वास येत होता. उघड्या दारातून मेजर दिसत होता, कान उभे, डोळे माझ्यावर. त्याच्या डोक्यावरून वर आमची खिडकी दिसत होती आणि खिडकीत प्रगती. ती हात गजावर ठेवून उभी होती. तिनेही हाक मारली असती तर मेजर लिफ्टची वाट न बघता जिने चढून गेला असता. तिने मारली नाही. ती माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं तो शब्द मला आलाय. बायकोला हे कळतं.

एकच शब्द. तो म्हटला की कुत्रा उडी मारून माझ्याजवळ. पहिल्यांदा माझ्या हाकेला. आणि दार लावलं की वांगणी.

"बोलाव की!" उन्मेष म्हणाला.

"कम," मी म्हणालो. "मेजर, कम. कम हिअर."

मेजरने जांभई दिली.

"बघ," मी गाडीतून उतरलो. "नाही ऐकत. तुझ्या काय कामाचा? चोर आला तरी असाच बसून राहील."

उन्मेष मला बरंच काही बोलला, ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिस्किटाचा पुडा तेवढा मेजरसमोर टाकून गेला. वर गेलो. दार उघडं होतं आणि सतरंजी झटकून पुन्हा अंथरलेली होती. मी जिज्ञासाला फोन करून म्हणालो, "कागद करून टाक." ती काय म्हणाली ते नीट ऐकलं नाही, कारण डोळ्यांना काहीतरी होत होतं.

दुपारी लाजोचा फोन आला. स्वयंपाकघरातून सिंधी सुरू झाली. मी सवयीने रिमोट उचलला आणि परत ठेवला. ऐकत बसलो. तेच ते 'आहे', 'आहे'. मध्ये बहुतेक माझं नाव आलं आणि ती हसली. कशाला हसली असेल? पोटात दुखलंच, सवय कुठे जाते. आज मेजर तिच्या पायाशी गेला नव्हता, सकाळच्या दगदगीने दमून हॉलच्या कोपऱ्यात झोपला होता. मी टीपॉयवरचा पेपर घडी करून ठेवला. घसा साफ केला. आजूबाजूला कुणी नाही असं बघून, अगदी हळू म्हणालो, "अच."

मेजरने एक डोळा उघडला आणि मिटला. माझा 'च' चुकला होता. चमच्यातला लागला होता, चहातला लागायला हवा होता. मराठी माणसाच्या तोंडात 'च' दोन, त्यातला नेमका नको तोच आधी येतो. मी पुन्हा म्हणालो, या वेळी जरा मोठ्याने, चहातल्या 'च'ने, "अच. हेडे अच."

मेजर गाढ झोपला होता. स्वयंपाकघरातलं बोलणं मात्र तुटलं. लाजोचा आवाज फोनमधून बारीक येत राहिला, हॅलो, हॅलो. मग पावलं वाजली आणि प्रगती दारात आली. फोन छातीशी धरलेला, हाताला कणीक, आणि चेहरा मी कधी न बघितलेल्या वयाचा.

"छा आहे?" तिने मला विचारलं.

त्यातलं निम्मं तर मला लग्नापासूनच येत होतं.